डावं टायर आणि आत्याची अब्रू

आमच्या गाडीचं पुढचं डावं टायर आतल्या बाजूनं झिजतं, यावर आमच्या घरात कधीच दुमत नव्हतं. दुमत होतं ते फक्त कोणामुळे झिजतं यावर, आणि तिथे बहुमत माझ्याविरुद्ध होतं.

गाडी जुनी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. 'जुनी' म्हटलं की समोरचा लगेच 'विकून टाका' म्हणतो. (दुसऱ्याच्या वस्तू विकायची लोकांना भारी हौस!) मधुरा, म्हणजे आमची मुलगी, शाळेत जायला लागली तेव्हा ही गाडी घेतली, आणि मधुराचा साखरपुडा ठरला तरी ती चालतेच आहे. एसी थंडीच्या दिवसांत उत्तम चालतो. मागची उजवी काच खाली जाते. वर यायचं की नाही हे तिचं ती ठरवते. पण इंजिनानं आजवर मला रस्त्यात उभं केलेलं नाही, आणि असं मी माझ्या सख्ख्या मेहुण्याबद्दलही म्हणू शकत नाही.

तर एका रविवारी तळ्याकाठी बाजार करून आलो, बिल्डिंगखाली गाडी लावली, आणि स्टिअरिंग वळलेलंच राहिलं. पुढचं डावं चाक बाहेर तोंड काढून उभं. माझी बायको वृंदा भाजीची पिशवी घेऊन उतरली, दोन पावलं गेली, परत आली आणि वाकली.

"अहो, या टायरला आतून तारा आल्यात."

"टायरला तारा येत नसतात."

"मग हे काय आहे? केस?"

मी उतरून पाहिलं. बाहेरून बघाल तर नक्षी अशी ठसठशीत, की उचलून शोरूमच्या काचेत ठेवावं. आणि आतल्या बाजूला टक्कल! नुसतं टक्कल नाही, टकलावर उगवलेल्या बारीक चकचकीत तारा!

"तुम्ही वळणावर गाडी फेकता," वृंदा म्हणाली.

"मी फेकतो? मी? पनवेलमधल्या रिक्षावाल्यांनी ज्याला 'काका, चालत जा' असं सांगितलंय, तो मी गाडी फेकतो?"

"मग फूटपाथवर चढवत असाल."

वॉचमननं येऊन 'हवा कम होगी साब' असं निदान केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशींनी गॅलरीतूनच ओरडून 'क्लच बदला' असं सुचवलं. (क्लच! टायर झिजलं म्हणून क्लच! उद्या दात दुखला तर चष्मा बदला म्हणतील!) आणि रस्त्यांचं नाव मात्र कुणी घेईना. उरण नाक्यापासून पुढे रस्त्याच्या नावाखाली जे काही अंथरून ठेवलं आहे, त्यावरून रोज कळंबोलीला जाणारा मी, दोष मात्र माझ्या हातांचा!

कळंबोलीला मी लोखंड बाजारातल्या एका वजनकाट्यावर मॅनेजर आहे. ट्रक येतो, काट्यावर उभा राहतो, मी वजन बघतो, पावती फाडतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाकांवर किती भार आहे ते सांगत आलो, आणि माझ्याच चाकाचं मला कळेना, याचा राग मला सगळ्यात जास्त होता.

मग मी शकीलभाईंकडे गेलो. त्यांचं टायरचं दुकान नाक्यावर आहे. दारात टायरांचे मनोरे, आत एक कॉम्प्युटर, आणि शेजारी चहाची टपरी. शकीलभाई माणूस तोंडाचा इतका गोड, की त्यांनी 'तुमची गाडी जळून गेली' असं सांगितलं तरी आपण 'शुक्रिया' म्हणून बाहेर पडू.

"फिकीर नका करू, सर," टायरवर हात फिरवत ते म्हणाले. "अलाइनमेंट गेलंय. चाकं तोंडं फिरवून बसलीत. पुढची दोन नवी टाकू, कॉम्प्युटरवर लावू, बिलकुल सीधी करून देतो. इन्शाल्ला परत बघावं लागणार नाही."

नवी टायरं बसली. गाडी कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर लाल आकडे होते ते एकेक करत हिरवे झाले. शकीलभाई म्हणाले, "माशाल्ला!" मीही म्हणालो.

आणि थोड्याच दिवसांत तेच! नव्या टायरच्या रबराचा वास अजून गेला नव्हता, आणि आतली कड गुळगुळीत व्हायला लागलेली! शिवाय गाडी पूर्वीसारखीच डावीकडे ओढायला लागली. सरळ रस्त्यावर सरळ जायचं तर मला स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरावं लागे. (हे मी इतकी वर्षं करत होतो, की ते मी करतो आहे हेच विसरून गेलो होतो. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येतं का?)

मी तडक शकीलभाईंकडे जायचं ठरवलं. आणि इथे माझ्या हातून जे झालं, त्याला मी अजूनही चूक म्हणायला तयार नाही. वेळ चुकली, एवढंच.

वेळ चुकली, कारण त्या दिवशी गाडीत आत्या होती.

माझी आत्या, बेबीआत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. माझी आई लवकर गेली. मला आत्यानंच वाढवलं. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात परिचारिका, शेवटी मेट्रन होऊन निवृत्त झाली. आवाज असा, की तिनं नुसतं 'हं' म्हटलं तरी समोरचा आपोआप जीभ बाहेर काढून 'आ' करतो. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते. उंच, भरदार, चालताना वाटेतली माणसं बाजूला होतात. गुडघे मात्र दुखतात, त्यामुळे गाडीत तिची जागा ठरलेली. पुढे, डावीकडे.

आता कळलं ना?

हाडांच्या डॉक्टरांकडून परत येताना मी दुकानापाशी गाडी थांबवली. "दोन मिनिटं गं आत्या," म्हणून उतरलो. शकीलभाईंनी टायर पाहिलं. गोड चेहरा पहिल्यांदाच जरा कडवट झाला.

"अजीब आहे सर. मशीन तर ओके दाखवत होतं." मग विचार करून म्हणाले, "सर, पुढे डावीकडे कोण बसतं?"

"आत्या."

"रोज?"

"बरेचदा."

शकीलभाईंनी वाकून खिडकीतून आत पाहिलं. पुन्हा ताठ झाले. मग अत्यंत अदबीनं, आवाज एकदम खाली आणून, म्हणजे शेजारच्या टपरीवाल्यापर्यंतच जाईल इतपत खाली आणून म्हणाले, "सर, लोड एका साइडला येतोय."

इथे कुठल्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? विषय बदलला असता. चहा मागवला असता. निदान खोकला तरी काढला असता! पण मी वजनकाट्याचा माणूस. 'लोड' हा शब्द कानावर पडला, की माझ्या तोंडून पुढचा प्रश्न आपोआप बाहेर पडतो. वर्षानुवर्षांची सवय!

मी म्हणालो, "अंदाजे किती असेल?"

टपरीवरचे चमचे थांबले. डावीकडची काच पूर्ण खाली होती. (मागच्या काचेची रड सांगितली, पण ही काच नेमकी ठणठणीत!)

"अरविंद," आतून आवाज आला. एरवी मी अरू असतो. "गाडी घरी घे."

घरापर्यंत मीच बोलत होतो. "आत्या, ते तुझ्याबद्दल नव्हतं गं. लोडबद्दल होतं."

बिल्डिंगखाली गाडी थांबली. आत्या उतरली, दार धरून उभी राहिली आणि म्हणाली, "काट्यावर बसून बसून तुला माणसांच्या जागी ट्रक दिसायला लागलेत. आजपासून मी तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही. तुझं टायर सुखात राहू दे."

"अगं पण, साखरपुडा..."

"मी रिक्षानं येईन."

मधुराचा साखरपुडा पुढच्याच रविवारी होता, आणि तो होता उलव्याला, मुलाकडच्यांच्या बिल्डिंगमध्ये. उलव्याच्या रस्त्याला डंपरांची रांग, अर्धा रस्ता खणलेला, उरलेल्या अर्ध्यावर खडीचे ढीग. त्यातून रिक्षानं, त्या गुडघ्यांनी! तिकडे पोचेपर्यंत पाय तरी राहतील की रिक्षातच सुटून पडतील?

ही बातमी माझ्याआधी तिसऱ्या मजल्यावर, आमच्या घरी, पोचली होती. मी दार उघडलं तर वृंदा समोर उभी.

"तुम्ही आत्यांना वजन विचारलंत?"

"मी आत्याला नाही विचारलं! शकीलभाईंना विचारलं!"

"म्हणजे तिऱ्हाईत माणसाला विचारलंत!"

मधुरा सोफ्यावर बसून रडायच्या बेतात. "बाबा, ओटी आत्याआजी भरणार आहे. ती रिक्षानं येणार असेल तर मीपण रिक्षानं जाणार. गाडीत तुम्ही आणि तुमचं टायर बसा."

मला सांगा, मी काय केलं होतं? प्रश्न विचारला होता! माणसानं प्रश्नही विचारायचा नाही? टायर माझं, गाडी माझी, मनस्ताप माझा, आणि आरोपीही मीच! त्या संध्याकाळी मी खूप चिडून, आणि म्हणूनच फारसा विचार न करता, तळमजल्यावर समेट करायला गेलो.

"आत्या, मी एक तोडगा काढलाय," मी म्हणालो.

"बोल."

"तू मागे बसतेस का? मधोमध? म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं..."

दार बंद झालं. मी वाक्य पुरं केलं ते दारावरच्या गणपतीसमोर.

दुसऱ्या दिवशी तिनंच बोलावणं पाठवलं. आत गेलो तर आत्या खुर्चीत ताठ बसलेली, चष्मा लावून. वॉर्डात राऊंड घ्यायची तेव्हा अशी दिसत असणार.

"चौकशी कर," ती म्हणाली. "नीट, पूर्ण चौकशी. माझ्यासमोर. टायर माझ्यामुळे झिजतं असं निघालं, तर मी आयुष्यभर रिक्षानं फिरेन, तक्रार करणार नाही. पण नाही निघालं, तर त्याच दुकानापुढे, त्याच चहावाल्यासमोर, तू माझी माफी मागायचीस. मोठ्यानं."

मी मान्य केलं. नाही करून सांगतो कुणाला!

वृंदा शिकवते त्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, की ओवे गावात काशिनाथ म्हणून एक मेकॅनिक आहे, गाडीच्या खालचं काम त्याच्यासारखं कुणी करत नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही निघालो. आत्या पुढे, डावीकडे. "गुन्ह्याच्या जागी आरोपी हजर पाहिजे," असं म्हणून ती बसली, आणि संपूर्ण रस्ताभर हाताची घडी घालून समोर बघत राहिली. मी सीट बेल्ट लावायला सांगितला तर म्हणाली, "बेल्टचं वजन धरलंयस का?"

काशिनाथ हा माणूस भेटेपर्यंत मला वाटत होतं, या प्रकरणात सगळ्यात जास्त चिडलेला मी आहे. तो माझ्याही पुढे होता. त्यानं गाडीकडे बघितलं आणि कुणीतरी त्याच्या दारात कचरा टाकल्यासारखा चेहरा केला.

"ही कवाची गाडी?"

मी सांगितलं.

"इकून टाका."

"विकायची नाही. दुरुस्त करायची आहे."

"तुमची मर्जी." त्यानं चाक पाहिलं, हलवून पाहिलं, उगाच एक लाथ घातली. खाली वाकून टॉर्च मारला. "सगला ठीक हाय. चालवनाऱ्याचा हात खराब हाय."

"माझा हात? तू मला चालवताना पाहिलंयस तरी का?"

"गाडी बगितली ना. बास झाला." मग त्यानं डोकं खाजवलं, आणि त्याच्या तोंडावर नेमका तोच भाव आला जो शकीलभाईंच्या तोंडावर आला होता. "फुडं कोन बसतं?"

मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो. दोन्ही डोळ्यांनी. भुवयांनीसुद्धा! त्याला वाटलं माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं.

"मी बसते!" गाडीतून गर्जना झाली. "मी बसते पुढे! काय म्हणणं आहे?"

आणि आत्या उतरली. एरवी ती गुडघे सांभाळत, दाराला धरून हळूहळू उतरते. त्या दिवशी संतापाच्या भरात एकदम उतरली. गाडी डावीकडून टुणकन वर आली, आणि खालून आवाज आला.

'कट्ट!'

मला वाटलं, आत्याचा गुडघा. वृंदा असती तर तिला वाटलं असतं, माझं कपाळ. काशिनाथ मात्र एकदम बदलला. हात वर करून ओरडला, "कोनी बोलू नका! आत्याबाय, परत बसा."

"का म्हणून?"

"बसा वो तुमी!"

आत्या बसली. 'कट्ट!'

"उतरा."

'कट्ट!'

"परत बसा!"

काशिनाथ टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. फक्त त्याचे पाय बाहेर, आणि आतून हुकूम चालू. "बसा! ... उतरा! ... जरा जोरात बसा! ... आवो हलूहलू नका उतरू, मगाशी रागानं उतरल्या तशा उतरा!"

"ते मुद्दाम होत नाही!" आत्या खालच्या पायांना उद्देशून म्हणाली.

"मग कोनाचा राग हाय ता आटवा!"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. आठवलं. उतरली. असा 'कट्ट' आला, की समोरच्या ओट्यावरचं कुत्रं उठून बसलं.

एव्हाना गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. एकीनं खुर्ची आणली, दुसरीनं पाणी. मी एका हातानं दार धरून उभा, दुसऱ्या हातात आत्याची पर्स. एक आजी काठी टेकत आली, बराच वेळ बघत राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "डाक्टरनी यायाम सांगितला असंल. सासूला बिचारा रोज घेऊन येत असंल." मला बरं वाटलं. त्या आठवड्यात माझ्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच चांगलं बोललं होतं. नातं चुकलं होतं, पण असो!

काशिनाथ बाहेर आला तो एखादा खजिना सापडल्यासारखा. चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी आर्म असतो म्हणे. त्याच्या टोकाला रबराचा जाड बूश असतो. आमचा तो बूश फाटून चिंध्या झाला होता. त्यामुळे चाक आपल्या जागी राहतच नव्हतं. कॉम्प्युटरवर उभं असताना शहाण्यासारखं सरळ, आणि रस्त्यावर आलं की मनाला येईल तिकडे. म्हणून गाडी डावीकडे ओढत होती, म्हणून टायर आतून झिजत होतं.

"म्हणजे माझ्या वजनामुळे नाही?" आत्यानं विचारलं. प्रश्न त्याला, नजर माझ्यावर.

"तुमच्या वजनाचा काय संबंद?" काशिनाथ हात पुसत म्हणाला. "मानसं बसायलाच गाडी हाय ना? उलटा तुमी व्हत्या म्हनून आवाज तरी आला." मग त्यानं अंगठ्यानं मला दाखवलं. "हा बसला काय नि उतरला काय, गाडीला कललंच नसता."

आत्या हसली. त्या दिवसानंतर काशिनाथच्या घरी दिवाळीचा फराळ जातो. माझ्या हस्ते!

बूश बदलून गाडी पुन्हा शकीलभाईंच्या कॉम्प्युटरवर लावली. चाकं परत सरळ करून घ्यावीच लागतात. आणि करार पाळावाच लागतो. आत्या गाडीत, काच खाली. समोर शकीलभाई, टपरीवाला, आणि टपरीवरची सगळी गिऱ्हाइकं.

"आत्या, माझं चुकलं," मी म्हणालो.

"काय चुकलं?"

"अंदाजे किती, असं विचारलं."

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

"अंदाजे किती, असं विचारलं!"

शकीलभाईंनी कानाला हात लावले. "आत्या, खता माझीपण आहे. लोडची बात मीच काढली." ती त्यांना लगेच "असू दे हो, तुम्ही बाहेरचे" म्हणाली. त्यांना चहाही पाजला. मला नाही!

पण ते जाऊ दे. साखरपुड्याची सकाळ उजाडली. आत्या पैठणी नेसून पुढे, डावीकडे. मागे वृंदा आणि मधुरा, मांडीवर फळांची आणि मिठाईची ताटं. गाडी सरळ, टायर गोल, नाती पूर्ववत. मी मोठ्या झोकात किल्ली फिरवली.

पनवेल सोडलं, मोठ्या रस्त्याला लागलो, आणि बघतो तर काय! गाडी उजवीकडे ओढत होती!

"बघा!" मी ओरडलो. "बघा, काय करून ठेवलंय! आधी डावीकडे ओढत होती, आता उजवीकडे! तो काशिनाथ! आणि तो कॉम्प्युटर! हिरवे आकडे म्हणे! या देशात एका माणसाला एक चाक सरळ लावता येत नाही..."

"बाबा, डिव्हायडर!"

मी गाडी डावीकडे घेतली. थोडं पुढे गेलो, तर परत डिव्हायडर जवळ! "उद्याच्या उद्या काशिनाथकडे नेतो. आणि शकीलभाईंना विचारतो, हेच का तुमचं बिलकुल सीधी? माफी मागायची वेळ आता त्यांची..."

"अरू," आत्या म्हणाली, "हात सोड."

"काय?"

"स्टिअरिंग सोड जरा. पुढे मोकळं आहे."

मी हात सोडले. गाडी दोरी लावल्यासारखी सरळ गेली.

"आता धर."

धरलं. गाडी उजवीकडे.

"सोड."

सरळ.

"धर."

उजवीकडे! आत्यानं वर्षानुवर्षं पेशंटांच्या गुडघ्यांवर डॉक्टरांची हातोडी पडताना पाहिली होती. तिला निदान सांगायला वेळ लागला नाही. "हे गाडीचं नाही. हे तुझं आहे. इतकी वर्षं तू तिला उजवीकडे दाबून धरलंस, आता ती सुधारली तरी तुझे हात ऐकत नाहीत."

मागे काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं मिठाईचं ताट पडलं. वृंदा हसत होती.

"हे साफ खोटं आहे," मी म्हणालो, आणि उलव्यापर्यंत दात आवळून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडे खेचत गाडी चालवली. डंपर चुकवले, खडीचे ढीग चुकवले, एक म्हैस चुकवली. मुलाकडच्यांची बिल्डिंग दिसली तेव्हा मला कढईतून बाहेर आल्यासारखं वाटलं.

गेटला झेंडूची भलीमोठी कमान. तिच्यावर थर्माकोलची अक्षरं, 'मधुरा' आणि 'ओंकार'. कमानीखाली ओंकारचे वडील, काका, मावश्या, सगळे नटूनथटून स्वागताला. माझ्या होणाऱ्या व्याह्यांनी लांबूनच दोन्ही हात जोडले. आता समोरून नमस्कार आला की माणूस काय करतो? मी हाडाचा सभ्य माणूस! मी डावा हात उचलून नमस्कार केला.

स्टिअरिंगवर उरला फक्त उजवा.

पुढचं सगळं फार सावकाश घडलं. गाडी अगदी हळू, पण कमालीच्या निश्चयानं उजवीकडे गेली आणि कमानीच्या उजव्या खांबाला टेकली. खांबानं क्षणभर विचार केला. मग तो कलला, आणि त्याच्यामागून झेंडूंसकट अख्खी कमान आमच्या टपावर येऊन बसली. माणसं वेळीच बाजूला झाली, कुणाला खरचटलंही नाही. काचेवर झेंडूच झेंडू, आणि वायपरमध्ये अडकलेला जावयाचा 'ओ'.

मागून मधुराचा बारीक आवाज आला, "बाबा, मी उतरू का इथंच?"

माझं तोंड असं झालं होतं, की ते बघून खुद्द व्याह्यांनाच दया आली. ते झेंडूच्या माळा बाजूला करत खिडकीशी आले. "काही हरकत नाही हो! जुन्या गाडीचं होतं असं. एका बाजूला ओढत असेल. आमचीपण ओढायची."

इतका भला माणूस! देवानं मला वाटच काढून दिली होती. मी 'हो ना, काय सांगू' म्हणायला तोंड उघडलं. वृंदा मागे गप्प. मधुरा गप्प. नुसतं 'हो' म्हणायचं होतं!

डावीकडचं दार उघडलं. आत्या पैठणी सावरत रुबाबात खाली उतरली आणि सगळ्या सोयऱ्यांना ऐकू जाईल अशा मेट्रनच्या आवाजात म्हणाली, "गाडीला काही झालेलं नाही हो. गाडी आम्ही याच आठवड्यात सरळ करून घेतलीय. हा राहिलाय."

ओंकारच्या आजीला हसण्यानं ठसका लागला. मग काका हसले, मावश्या हसल्या. जावई नव्या सदऱ्यात कमान उचलायला धावला, त्याच्या मदतीला मधुरा धावली, आणि दोघं एकाच खांबाला धरून हसत असलेला तो फोटो आता दोन्ही घरांत भिंतीवर लागलाय. साखरपुडा झकास झाला. आत्यानं ओटी भरली. जेवणाच्या पंगतीत मला प्रत्येकानं एकदा तरी विचारलं, "काका, पान उजवीकडे सरकतंय का?"

निघताना वृंदानं हात पुढे केला. मी काही न बोलता किल्ली दिली. आत्या म्हणाली, "मी आज मागे बसते, पोटभर झोपते." म्हणून मी पुढे बसलो, डावीकडे. गाडी पनवेलच्या रस्त्याला लागली. वृंदाच्या हातात ती अशी सरळ, शांत चालली होती, की मला फार अपमान वाटला. मी हाताची घडी घातली, समोर बघत राहिलो, आणि मनाशी ठरवलं, घरापर्यंत एक शब्द बोलायचा नाही, काही म्हणजे काही करायचं नाही.

थोड्या वेळानं वृंदानंच कोपर मारलं.

"अहो, नीट बसा ना सरळ. सारखे माझ्या अंगावर काय कलताय?"